दोन टोल्या आणि पाच भाकरी

चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं आपण चिक्कू माणसाबद्दल म्हणतो. बोलीतली दमडी अशी मुठीत आवळून धरलेली. मराठी बायबलमधली दमडी मात्र हातातून सुटलेली आहे. यरुशलेमेच्या मंदिरात धनवान लोक दानपेटीत भरपूर टाकत असतात, मागून एक गरीब विधवा येते आणि दोन टोल्या टाकते. दोन टोल्या म्हणजे एक दमडी. सर्वांत जास्त हिनंच दिलं, असं येशू शिष्यांना सांगतो, कारण बाकीच्यांनी उरलेल्यातलं दिलं आणि हिनं पोटाचं दिलं.

मार्क आणि लूक या दोघांनीही ही गोष्ट सांगितली आहे. मूळ ग्रीकमध्ये त्या नाण्याचं नाव लेप्टॉन. यहूदियातलं सगळ्यांत हलकं तांब्याचं नाणं. मराठी करणाऱ्यांनी परकं नाव तसंच ठेवलं नाही, इथल्या माणसाच्या तोंडात असलेले शब्द घेतले. आज टोली कुणाच्या हातात नाही, दमडीही नाही. तरी लहान मुलांना दानाचा धडा द्यायचा झाला की पहिली गोष्ट हीच निघते, आणि शिकवणाऱ्या बाईंना आधी टोली म्हणजे काय ते सांगावं लागतं.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हा धडा कुणाकुणाच्या हातून आला आणि वाटेत त्याला इथलं काय काय चिकटलं, याचा हा मागोवा. धड्याच्या दोन बाजू आहेत. आपण द्यायचं, ही एक. देवानं आपल्याला वचन दिलं आहे, ही दुसरी. या दोहोंतली आधी कुठली सांगायची, यावर माझ्या मते सगळा धडा उभा राहतो किंवा पडतो.

बायबलमधल्या गोष्टी मराठीत आणणारा पहिला मोठा माणूस मिशनशाळेच्या काळाच्या फार आधीचा. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी रोमन. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून त्यानं पुराणाचाच घाट घेतला. पण तिथे श्रोते मोठे होते, आणि मुलं मोठ्यांच्या मांडीवर बसून ऐकत असणार. लहानांसाठी वेगळा वर्ग, वेगळी गोष्ट आणि वेगळा प्रश्न ही कल्पना यायला अजून दोन शतकं होती.

ती आली बाणकोटला. सावित्रीच्या मुखावरचं, आज मंडणगड तालुक्यातलं हे गाव तेव्हा मोक्याचं होतं. १७५६ पासून तिथला किल्ला इंग्रजांकडे होता, त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं होतं, आणि दक्षिण कोकणचा कारभार तिथूनच चाले. १८२२ मध्ये मुख्य ठाणं रत्नागिरीला हललं. पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा डोनाल्ड मिचेल बाणकोटला पोचला. पूर्वी तो कंपनीच्या फौजेत अधिकारी होता. त्याला इथं वर्षही मिळालं नाही. त्याच साली तो वारला. त्याच्यामागून जेम्स मिचेल, क्रॉफर्ड, कूपर, स्टीव्हन्सन आले आणि बाणकोट व हर्णै ही दोन ठाणी धरून गावोगाव मराठी शाळा निघाल्या. १८२९ मध्ये मुंबईला उतरलेले जॉन आणि मार्गारेट विल्सन मराठी शिकायला आले तेही हर्णैलाच. पुढे मुंबईत मुलींच्या शाळा काढणाऱ्या मार्गारेटबाईंच्या कानावर आरंभीची मराठी पडली ती दापोलीच्या या किनाऱ्यावरची.

स्कॉटिश माणसांची एक खूण अजून पुसलेली नाही. मराठी ख्रिस्ती माणूस मुलांच्या रविवारच्या वर्गाला ‘शब्बाथ शाळा’ म्हणतो. शब्बाथ म्हणजे खरं तर यहूदी लोकांचा विसाव्याचा शनिवार. पण स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन आणि अमेरिकेतले कडक प्युरिटन रविवारालाच शब्बाथ म्हणत आणि त्या दिवसाच्या शाळेलाही तेच नाव देत. इंग्लंडमध्ये अशा शाळांना चालना दिली रॉबर्ट रेक्सनं, १७८० मध्ये, ग्लॉस्टर गावात. तिथली गरिबांची मुलं आठवड्याचे सहा दिवस कारखान्यात राबत, म्हणून अक्षरओळखीला रविवार उरला होता. कोकणात कारखाने नव्हते आणि रविवारची सुट्टीही नव्हती. पंतोजींची शाळा बंद राहायची ती अमावास्या-पौर्णिमेला आणि सणावाराला. म्हणजे आठवड्याच्या एका ठरावीक वारी मुलांनी एकत्र जमायचं, ही गोष्टच इथं नवीन होती.

त्या पहिल्या शाळांत मूल घेणारं होतं. फी नाही, पुस्तक फुकट, आणि शिकवायला बहुतेक ठिकाणी गावातलाच पंतोजी. देणारी माणसं समुद्रापलीकडे होती, आणि त्यांत मुलंही होती. मुंबईत १८१३ पासून काम करणारं अमेरिकन मराठी मिशन ज्या बोर्डाचं, त्याच बोर्डानं १८५६ मध्ये पॅसिफिक बेटांतल्या कामासाठी ‘मॉर्निंग स्टार’ नावाचं जहाज बांधलं. त्यासाठी अमेरिकेतल्या रविवारच्या शाळांत दहा-दहा सेंटचे भाग विकले गेले. दहा सेंट दिले की मूल जहाजाचं मालक. दानाचा धडा मुलांच्या हाताला कळावा म्हणून कुणीतरी फार विचार केला होता. पण त्याच धड्यात जगाची वाटणीही पक्की होत होती: एका किनाऱ्यावर देणारी मुलं, दुसऱ्यावर घेणारी. तिथल्या वर्गांत वापरून झालेली रंगीत चित्रकार्डं गठ्ठे बांधून मिशनच्या शाळांकडे पाठवली जात. मागे कुणा मुलाचं नाव लिहिलेलं, पुढे नोहाचं तारू. इथल्या मुलांना ती मिळत, आवडत, वहीत जपलीही जात. पण द्यायला त्यांच्याकडे काय आहे, हे त्यांना कोण विचारणार?

ही वाटणी फार दिवस चालणार नाही, हे बोर्डातल्याच काहींना दिसत होतं. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले होते आणि इथल्या मंडळ्यांनी आपला पाळक आपल्या पैशानं पोसावा, असा त्यांचा आग्रह होता. अहमदनगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना १८५४ मध्येच पाळकपणाची दीक्षा मिळाली होती. पाळक आपला म्हटलं की त्याचं घर चालवणंही आपलं. मग दानाचा धडा दूरच्या पुण्याईची गोष्ट राहिला नाही, घरातल्या डब्यापर्यंत पोचला.

पुढचं साल १८७३. या एका सालात तीन धागे जुळून आले आहेत. कोल्हापूरला आधीपासून असलेल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं त्या वर्षी रत्नागिरीत आपलं ठाणं उघडलं. अमेरिकन मराठी मिशननं मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक सुरू केलं, वासुदेव गोविंद आपट्यांच्या ‘आनंद’च्या तेहतीस वर्षं आधी. आणि अमेरिकेत आदल्या वर्षी ठरलेली, सगळ्या जगातल्या रविवारच्या शाळांनी एकाच रविवारी एकच धडा घ्यायचा ही पद्धत त्याच वर्षी प्रत्यक्षात आली. १८७६ मध्ये हिंदुस्थानातल्या शाळांचाही संघ उभा राहिला. धड्याचं सूत्र ठरलं: एक उतारा, त्याची गोष्ट, थोडे प्रश्न आणि तोंडपाठ करायचं एक वाक्य. या वाक्याला मराठीत सुवर्णवचन म्हणतात.

इथं मराठीनं आपलं काम केलं. इंग्रजीत पाठ करायचं वाक्य वेगळं आणि देवानं दिलेला शब्द वेगळा. दोहोंना दोन नावं आहेत. मराठीत दोन्ही ‘वचन’. ‘वचन पाठ केलंस का?’ असं बाई विचारतात, आणि ‘देवानं अब्राहामाला वचन दिलं’ असंही सांगतात. मुलाला आजीकडून दशरथाचं वचन ठाऊक असतं, हरिश्चंद्राचंही कानावर आलेलं असतं. वचन म्हणजे मोडता न येणारी गोष्ट, हे त्याला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. मला वाटतं, मराठी मुलाला पाठांतराचा कंटाळा कमी येत असेल तर त्याचं थोडं श्रेय या शब्दाला आहे: जे तो घोकतो आहे ते कुणीतरी त्याला देऊन ठेवलेलं आहे.

सगळे शब्द असे मदतीला आले नाहीत. बायबलमधला देव माणसाशी बांधून घेतो त्याला मराठीत ‘करार’ म्हटलं: जुना करार, नवा करार. एकोणिसाव्या शतकातल्या कोकणी कुळाच्या पोराला करार म्हटल्यावर काय आठवत असेल? खोताची कबुलायत. भातजमिनीवर अर्धेल, वरकसावर तिर्धेल. म्हणजे पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताच्या खळ्यात. खोती कायद्यानं गेली ती १९४९ मध्ये. त्या आधीच्या घरात ‘दशमांश’ हा शब्द पोचला तेव्हा त्याचा अर्थ लगेच लागला असणार, पण तो वसुलीच्या भाषेत. अर्धा खोताला, तिसरा खोताला आणि दहावा देवाला. ज्या घरातून आधीच इतकं जातं, तिथल्या मुलाला देणं आनंदाचं असतं हे सांगणं अवघड. विधवेच्या दमडीची गोष्ट इथं उपयोगी पडते, कारण तिच्याकडे मागायला कुणी आलेलं नव्हतं.

सर्वांत अवघड शब्द ‘नवस’. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात याकोब घरातून पळून चाललेला असतो, उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपतो आणि स्वप्नात स्वर्गाला टेकलेली शिडी पाहतो. देव त्याला म्हणतो की मी तुझ्याबरोबर आहे, तुला सांभाळीन, परत आणीन. त्यात कसलीही अट नाही. सकाळी उठून याकोब मात्र नवस बोलतो: देवानं मला सांभाळलं, खायला भाकर आणि ल्यायला वस्त्र दिलं, सुखरूप घरी आणलं, तर मी दहावा भाग देईन. मराठी बायबलनं यासाठी नवस हाच शब्द घेतला आहे, आणि तो बरोबरच आहे. रत्नागिरीच्या मुलाला तो समजतो. शिमग्यात पालखी दारात येते, शेजारच्या काकू नवस फेडतात, गाऱ्हाणं घातलं जातं. त्यातही भक्ती असते, कृतज्ञता असते. कुणी ते हलकं लेखू नये. पण लहान मुलाच्या कानाला त्यातला ‘जर’ आणि ‘तर’ आधी ऐकू येतो. मग दानपेटीत रुपया टाकताना तेही मनात ‘तर’ म्हणतं.

मलाखीच्या पुस्तकातला दशमांशाचा धडा याच वळणानं घसरतो. दशमांश आणा म्हणजे आकाशाची दारं उघडतील, एवढंच मुलांपुढे ठेवलं तर उरतो तो व्यवहार. पाच वर्षांच्या मुलाला ‘तू एक दे, देव दहा देईल’ असं सांगणं मला अगदी नापसंत आहे. त्याचा रुपया परत येत नाही तेव्हा ते मूल देवावर रुसतं, नाही तर आपल्यातच काही खोट आहे असं समजतं. याकोबाच्या गोष्टीतला क्रम बाईंनी न बदलता सांगावा: देव आधी बोलला, याकोब नंतर. वर्गांवर्गांत कुणाची थैली जड झाली ते सर्वांसमोर वाचून दाखवायची रीत काही ठिकाणी आहे, तीही जावी. या हाताचं त्या हाताला कळू नये असं आपण मराठीत म्हणतो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दानाविषयी नेमकं हेच सांगितलं आहे.

एलीया आणि सारफथची विधवा यांची गोष्ट म्हणून मला लहानांसाठी अधिक जवळची वाटते. दुष्काळ पडलेला. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल. त्याची शेवटची भाकर करायची, ती आणि तिचा मुलगा खाणार आणि मग मरणाची वाट पाहणार. एलीया म्हणतो, आधी मला एक लहान भाकर आण. आणि लगेच देवाचं वचन सांगतो की पाऊस पडेपर्यंत पीठ सरणार नाही. तिनं काही मागितलेलं नाही, तिची काही अटही नाही. शब्द ऐकला, त्यावर भरवसा ठेवला आणि चूल पेटवली. चुलीपाशी बसणाऱ्या बाईची ही गोष्ट सांगायला चित्रकार्डही लागत नाही.

दानाचा एक वेगळा विचार रत्नागिरी जिल्ह्यातल्याच एका विद्यार्थ्यानं नोंदवला आहे. दापोलीला एस. पी. जी. मिशनची शाळा होती. परशुरामजवळच्या पेढे गावी १८८० मध्ये जन्मलेला एक मुलगा तिथं शिकला आणि १८९७ मध्ये मॅट्रिक झाला. तो मुलगा म्हणजे पांडुरंग वामन काणे. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा दुसरा खंड १९४१ मध्ये आला, त्यात दानावर मोठं प्रकरण आहे. धर्मशास्त्रानं दानाची सहा अंगं सांगितली आहेत: दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, देय, देश आणि काल. कुणी, कुणाला, कशानं, काय, कुठं, कधी. या घडणीत घेणाराही पारखला जातो. सत्पात्री दान म्हणतात ते त्यामुळेच. दमडीवाल्या विधवेच्या गोष्टीत पात्राचा विचारच नाही, पेटी कुणाची आणि पैसा कुठं जाणार याबद्दल एक अक्षर नाही. सगळं लक्ष देणारीवर. ख्रिस्ती मंडळ्या ‘दान’ आणि ‘अर्पण’ हे दोन्ही शब्द वापरतात, आणि बोलताना दोन्ही एकमेकांत मिसळतात. पण दान म्हटलं की मराठी मनात घेणारा उभा राहतो, अर्पण म्हटलं की देव. लहान मुलांना अर्पण हा शब्द आधी द्यावा, असं मला वाटतं. पालगडचे पांडुरंग सदाशिव साने, आपले साने गुरुजी, हेही दापोलीच्या मिशनशाळेतलेच विद्यार्थी. द्यायला त्यांना शिकवलं ते आईनं, हे ‘श्यामची आई’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ मध्ये नारायण वामन टिळक जन्मले. १८९३ मध्ये आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार भेट दिला. पुढे १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. फुलांमुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, आणि मराठी ख्रिस्ती मुलांच्या तोंडी परदेशी चालीऐवजी आपली चाल आली त्यात त्यांचा वाटा मोठा. या मागोव्यात त्यांचं १९१७ साल मला अधिक महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाणकोटला फुकट पुस्तकापासून सुरू झालेली घेण्याची साखळी त्याच मातीतल्या माणसानं हातानं तोडली होती. १९१९ मध्ये ते गेले.

चिमूटभर देण्याची हीच कल्पना तेव्हा मंडळीबाहेरही फिरत होती. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला: प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा. त्यातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला, आणि संगमेश्वरच्या शाळेनं पैसा फंड हे नाव अजून जपलं आहे. जहाजाचे दहा सेंट आणि कारखान्याचा एक पैसा यांत हिशेब एकच आहे. पण काळ्यांच्या पैशात देणारं मूल आणि ज्याचं भलं व्हायचं ते मूल एकाच किनाऱ्यावर राहतात.

आज रत्नागिरीत शब्बाथ शाळेच्या बाईंना सगळ्यांत मोठी अडचण नाण्याची आहे. चार आणे २०११ मध्ये चलनातून गेले. मोठी माणसं मोबाइलला चौकोनी खूण दाखवून अर्पण देतात. मुलाच्या मुठीत देण्यासारखं काही उरत नाही, आणि पेटीत पडल्याचा आवाजही होत नाही. वाढदिवसाला वयाइतकी नाणी टाकण्याची चाल आहे, त्यासाठी आई-बाबांना आठवडाभर आधी सुट्टे जमवावे लागतात. त्यांनी ते जमवावेत. हाताला वजन लागल्याशिवाय या वयात देणं कळत नाही.

वचनाच्या बाजूला मात्र या गावात काही कमी नाही. अब्राहामाला देवानं सांगितलं की तुझी संतती समुद्रकाठच्या वाळूइतकी होईल. रत्नागिरीला पांढरा समुद्र आहे आणि मांडवीचा काळा समुद्रही आहे. बाईंनी दोन्हीकडची मूठमूठ वाळू कागदावर आणून ओतावी आणि मोजायला सांगावी. दहा-बारापर्यंत मोजून मुलं थांबतात. नोहाचं इंद्रधनुष्य जुलैत सांगावं, वर्गाबाहेर कौलांवरून पाणी कोसळत असताना, म्हणजे ‘पुन्हा असा पूर येणार नाही’ या वचनाचं मोल समजेल.

आणि दानासाठी, दमडीच्या जोडीला, पाच भाकरींची गोष्ट. हजारो माणसांना जेवू घातल्याची ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, पण जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या एका मुलाकडे होत्या हे फक्त योहान सांगतो. जव कोकणात पिकत नाही, तो दाखवायला आणावा लागेल. मासळीबद्दल काही सांगावं लागत नाही. मुलंच विचारतात की बांगडे होते का. त्या मुलाचं नाव योहान देत नाही. त्याला भाकरी कुणी भाजून दिल्या होत्या, तेही सांगत नाही. वर्गात एवढंच विचारावं, आणि बघावं किती हात वर जातात.